खालच्या सर्किटवरचं पहिलं वर्ष: नव्याने प्रो होणाऱ्या टेनिसपटूसाठी

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या तळाच्या, एम15 दर्जाच्या स्पर्धेत एकेरीच्या पहिल्या फेरीत हरलात तर 156 डॉलर मिळतात. एक सामना जिंकून पुढच्यात हरलात तर 258. सलग पाच सामने जिंकून करंडक उचललात तर 2,160. हे सगळे कर कापण्याआधीचे आकडे.

आता एक गणित मांडा. समजा वर्षात 25 आठवडे खेळलात आणि दर आठवड्याला मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या 32 जणांच्या मूळ फेऱ्यांत, एक सामना जिंकलात. नवख्यासाठी ही कामगिरी झकासच म्हणायची. तरी वर्षाचे होतात 6,450 डॉलर. त्यात 25 आठवड्यांचा प्रवास, खोली, जेवण, गटिंग (रॅकेटला तारा ओढणं), फिजिओ आणि प्रत्येक स्पर्धेचं 40 डॉलरच्या आसपासचं प्रवेशशुल्क बसवून बघा. बसत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने, म्हणजे आयटीएफने, 2013 च्या आकडेवारीवरून हाच हिशेब केला होता. खर्च आणि बक्षिसाची तोंडमिळवणी पुरुषांत 336 व्या आणि महिलांत 253 व्या क्रमांकाच्या आसपास होते, असं त्यात निघालं. त्या हिशेबात कोचचा खर्च धरलेलाच नव्हता.

तेव्हा पहिल्या वर्षाचे पैसे कोर्टवरून येणार नाहीत हे धरूनच चाला आणि ते कुठून येणार हे आधी ठरवा. घरचे देणार, प्रायोजक देणार, की अधूनमधून कोचिंग करून तुम्ही उभे करणार? किती आठवड्यांचे पैसे हातात आहेत तो आकडा वहीत लिहा. पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर ठरतात. मी स्वतः खेळाडू म्हणून फार वर गेलो नाही. नंतर काही मुलांबरोबर कोच म्हणून फिरलो आणि तेव्हा एक गोष्ट दिसली: सारख्याच ताकदीच्या दोन खेळाडूंमध्ये पुढे सरकतो तो बहुतेक वेळा कॅलेंडर नीट वाचणारा.

जिना कसा आहे

पुरुषांची तळाची पायरी एम15, तिच्यावर एम25. हे आकडे मुळात एकूण बक्षीस रकमेवरून पडलेत, हजार डॉलरमध्ये. एम25 ची रक्कम 2025 पासून 30 हजार झाली, नाव मात्र तेच राहिलं. त्यावर एटीपीच्या, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या, चॅलेंजर स्पर्धा, 50 पासून 175 पर्यंत. इथला आकडा विजेत्याला मिळणाऱ्या गुणांचा, पैशांचा नाही. नवखे इथे हमखास गोंधळतात. चॅलेंजरच्या वर टीव्हीवर दिसतं ते टेनिस. महिलांकडे डब्ल्यू15, 35, 50, 75 आणि 100 या आयटीएफच्या पायऱ्या, मग महिलांच्या संघटनेची, डब्ल्यूटीएची, 125 आणि पुढे.

गुण फार हात आखडून मिळतात. एम15 मध्ये पहिली फेरी जिंकली की 1 गुण, स्पर्धा जिंकली की 15. पुरुषांना एका गुणावरही एटीपी क्रमवारीत नाव लागतं. महिलांना क्रमवारीत यायला तीन स्पर्धांमध्ये गुण हवेत किंवा एकूण 10 गुण तरी. क्रमवारी 52 आठवड्यांवर चालते आणि त्यातले ठरावीक संख्येचे सर्वोत्तम निकालच धरले जातात. म्हणजे आपल्या वरच्या उदाहरणातल्या खेळाडूचे 25 च्या 25 गुण मोजलेही जाणार नाहीत. दर आठवड्याला एकेक सामना जिंकणाऱ्यापेक्षा वीस आठवडे हरून तीनदा अंतिम फेरी गाठणारा वर जातो. त्यामुळे सलग हरण्याच्या काळात क्रमवारी जितकी वाईट वाटते तितकी ती नसते.

2019 च्या सुरुवातीला आयटीएफने या तळाच्या स्पर्धांची रचना बदलली आणि 15 हजारांच्या स्पर्धांमधून एटीपी-डब्ल्यूटीए गुण काढून घेतले. खेळाडूंनी रान उठवलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत आले. नियम असे मध्येच बदलतात, म्हणून चालू वर्षाची नियमपुस्तिका स्वतः वाचा. ती इंग्रजीत आणि कंटाळवाणी आहे, तरी वाचा. जुन्या खेळाडूंनी सांगितलेले निम्मे नियम मागच्या वर्षीचे असतात.

आधी आयपिन

आयटीएफच्या स्पर्धांत नाव घालायचं तर आयपिन नावाचा ओळखक्रमांक लागतो. वार्षिक शुल्क भरून तो ऑनलाइन काढायचा. पासपोर्टवर जसं नाव आहे अगदी तसंच भरा. वयाची 14 वर्षं पूर्ण झालेली हवीत. 18 च्या आतल्या मुलींना वर्षात किती व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या यावर वयानुसार मर्यादा असते.

त्याच बैठकीत भ्रष्टाचारविरोधी ऑनलाइन प्रशिक्षणही उरकून टाका. ते सक्तीचं आहे. पण नुसतं बटण दाबत पुढे जाऊ नका. त्यात काय असतं ते पुढे येईलच.

आणि नेहमीची औषधं घेत असाल, अगदी दम्याचा पंप असला, तरी बंदी घातलेल्या पदार्थांच्या यादीत ती तपासा. गरज असेल तर उपचारासाठीची सवलत आधी मागून घ्या. प्रोटीनच्या डब्यात काय मिसळलंय हे डब्यावर लिहिलेलं असतंच असं नाही. चाचणीत सापडलं तर 'मला माहीत नव्हतं' या उत्तराने शिक्षा कमी होईल एखादवेळी, पण वर्ष गेलेलं असतं.

दोन गुरुवार आणि एक मंगळवार

सगळ्या सर्किटचा आठवडा या तीन वारांभोवती फिरतो. स्पर्धेचा आठवडा ज्या सोमवारी सुरू होतो, त्याच्या 18 दिवस आधीच्या गुरुवारी प्रवेशिका बंद होतात. 13 दिवस आधीच्या मंगळवारी दंडाशिवाय माघार घ्यायची मुदत संपते. स्पर्धेच्या लगेच आधीच्या गुरुवारी यादी गोठते. त्यानंतर ती आपोआप वर सरकत नाही. तिन्ही वेळा 14:00 जीएमटी. फोनमध्ये हे गजर तुमच्या घड्याळाप्रमाणे लावून ठेवा आणि विमानातून उतरून दुसऱ्या वेळपट्ट्यात गेलात की पुन्हा तपासा.

एकाच आठवड्यासाठी अनेक स्पर्धांत नाव घालता येतं, पसंतीचा क्रम लावून. खरं डोकं इथे लागतं. यादी तीन तुकड्यांत येते: मुख्य ड्रॉ, त्यात शिरण्यासाठी आधी खेळायची पात्रता फेरी आणि मागे रांगेत उभे असलेले ऑल्टरनेट. पहिल्या दिवशी 'ऑल्टरनेट 22' दिसलं की नवखा खचतो. पण त्याच खेळाडूंनी चार-चार ठिकाणी नावं घातलेली असतात. मंगळवारी माघारी झाल्या की यादी भराभर वर सरकते. मागच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच ठिकाणी शेवटचा आत गेलेला खेळाडू कितव्या क्रमांकाचा होता हे शोधून ठेवा. दोन-तीन महिने असं केलं की '22 म्हणजे होईल, 40 म्हणजे नाही' हे यादी बघताच कळू लागतं. तिकीट मंगळवारनंतरच काढा, आणि तारीख बदलता येणारं काढा. थोडं महाग पडलं तरी.

माझ्याबरोबरच्या एका मुलाने दोन स्पर्धांत नाव घातलं होतं. दुसऱ्या पसंतीची स्पर्धा घराच्या वाटेवर होती म्हणून तिकडचं तिकीट आधीच काढून ठेवलं. मंगळवारी पहिल्या पसंतीच्या यादीत तो आत सरकला, त्याबरोबर दुसऱ्या यादीतून नाव आपोआप गेलं. बुधवारी आम्ही दोघं तिकिटाकडे बघत बसलो होतो. पसंतीचा क्रम लावताना माझंही लक्ष नव्हतं, त्यामुळे रागवायचं तरी कोणावर.

क्रमवारीच नसेल तर आत शिरायच्या वाटा मोजक्याच. वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता दिलेली जागा, हवं तर यजमान संघटनेकडे आधीच लेखी विनंती करा. ती बहुतेक तिथल्याच खेळाडूंना जातात. ज्युनिअर क्रमवारीत पहिल्या शंभरात असाल तर काही जागा तशा खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या असतात. बाकीच्यांनी मोठा पात्रता ड्रॉ असलेली, गर्दी कमी असलेली स्पर्धा शोधायची.

कुठे खेळायचं

पहिल्या वर्षी एका जागी तीन-चार आठवडे सलग खेळता येईल अशी ठिकाणं निवडा. ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कीतलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख इथे वर्षात कितीतरी आठवडे 15 हजारांच्या स्पर्धा लागोपाठ होत आल्यात. रिसॉर्ट, त्याच आवारात कोर्टं, खोली-जेवणाचं पॅकेज. एकदा विमानभाडं खर्च केलं की तीन-चार संधी मिळतात. मंगळवारी हरलात तरी पुढच्या पात्रता फेरीपर्यंत सरावाला कोर्ट आणि जोडीदार तिथेच. तोटाही तोच. तीच पन्नास तोंडं, तोच बुफे, आणि तिसऱ्या आठवड्यात आपल्यासारखेच हरलेले लोक रात्री एकमेकांना आपण का हरलो ते समजावत असतात. चार आठवड्यांच्या पुढे मी कोणाला तिथे ठेवत नाही.

युरोपात सलग फिरायचं तर शेंगेन, म्हणजे सामायिक व्हिसाच्या युरोपीय देशांचा 180 दिवसांत 90 दिवसांचा नियम डोक्यात ठेवूनच आठवडे आखा. व्हिसा लागत असेल तर स्पर्धेकडून निमंत्रणपत्र मागवा, आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेऊ नका. मध्ये एखादा आठवडा बाहेरच्या देशात खेळलात तर परतीची वाट बंद होते.

प्रत्येक स्पर्धेचं माहितीपत्रक निघतं. त्यात कोर्टचा प्रकार, कोणत्या कंपनीचे चेंडू, हॉटेल, गटिंगचा दर, साइन-इनची, म्हणजे हजेरी नोंदवायची, वेळ हे सगळं असतं. चेंडू कोणते ते बघून निघण्याआधी त्याच चेंडूंवर आठवडाभर सराव करा. ही फुकटात मिळणारी आघाडी आहे, आणि बरेच जण ती घेतच नाहीत.

पोहोचल्यावर

पात्रता फेरीच्या आदल्या संध्याकाळी साइन-इन असतं. ठरलेल्या वेळेत सुपरवायझरकडे, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, नोंद झाली नाही, तर तुम्ही शेजारच्या खोलीत असलात तरी ड्रॉमध्ये नसता. पात्रता फेरीत हरलात तर लगेच बॅग भरू नका. मुख्य ड्रॉमधून कोणी ऐनवेळी गळालं तर त्याची जागा मिळणाऱ्यांच्या, म्हणजे लकी लूझरच्या, यादीत सही करा आणि रोज सकाळी सामने सुरू व्हायच्या आत पुन्हा करा. कोणाचं तरी पोट बिघडतंच.

पात्रता फेरीत तिसरा सेट नसतो. दोघांनी एकेक सेट जिंकला की दहा गुणांचा मॅच टायब्रेक. सवय नसेल तर फार क्रूर वाटतो. सरावात रोज एक तरी खेळा. इथे पंच खुर्चीवर नसण्याचीही शक्यता असते. आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय आपणच द्यायचा, फिरता अधिकारी वाद झाला की येणार. समोरचा आतला चेंडू 'आउट' म्हणतोय असं वाटलं तर पहिल्याच वेळी शांतपणे अधिकाऱ्याला बोलवा आणि कोर्टजवळ उभं राहायला सांगा. चौथ्या वेळी ओरडून काही होत नाही, झाला तर तुम्हालाच दंड होतो. दंड थकवला तर पुढच्या प्रवेशिका अडतात.

2025 पासून टेनिसच्या नियमांत बाहेरून कोचिंगला परवानगी आली. तुमच्याबरोबर कोच नसेल आणि समोरच्याचा असेल, तर हा बदल टोचतो. त्यावरचा उपाय म्हणजे दोघा-तिघांनी मिळून एक कोच नेणं. फक्त दोघांचे सामने एकाच वेळी लागले तर तो कोणाच्या कोर्टवर बसेल, हे निघण्याआधी बोलून घ्या. मैत्र्या यावरूनच तुटतात.

गटिंग

याच्यावर जरा जास्तच लिहितोय, कारण पैसा इथून गळतो आणि कळत नाही. पॉलिएस्टर तार तुटायच्या आधीच सैल पडते. चेंडू लांब जायला लागतो आणि खेळाडू आपल्या फोरहँडला दोष देत बसतो. म्हणजे सामन्यागणिक ताजी रॅकेट हवी. स्पर्धेच्या ठिकाणी दर वेळी मजुरी देऊन गटिंग करून घेतलं तर महिनाअखेरीस तो आकडा तुमच्या पहिल्या फेरीच्या बक्षिसाला गाठतो.

म्हणून 200 मीटरचं रीळ घ्या. एका रॅकेटला साधारण 12 मीटर लागतात, म्हणजे एका रिळात 16 रॅकेटी. टेबलावर मावणारं छोटं मशीन घ्या आणि घरी पन्नासेक रॅकेटी ओढून हात बसवा. मग हॉटेलच्या खोलीत दृश्य असं असतं: मशीन टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं, उभ्या तारा ओढून झालेल्या, आडवी तार एक वर एक खाली विणत चाललीय, बोटांच्या टोकांना चिरा पडल्यात, आणि शेवटची गाठ मारताना दार वाजतं. दारात दुसरा खेळाडू, हातात दोन रॅकेटी. 'माझ्या करशील का?' करा, आणि पैसे घ्या. जर्मन-जमैकन टेनिसपटू डस्टिन ब्राउन 2004 पासून पालकांनी घेऊन दिलेल्या कॅम्पर व्हॅनमधून स्पर्धा फिरायचा. त्यातच झोपायचा, त्यातच स्वयंपाक आणि इतरांच्या रॅकेटींना तारा ओढून चार पैसे मिळवायचा. पुढे त्याने विम्बल्डनमध्ये राफेल नदालला हरवलं, तेही 2015 मध्ये, व्हॅनचे दिवस मागे पडल्यावर बऱ्याच वर्षांनी.

फोनवरचा अनोळखी माणूस

एम15 च्या सामन्याला तीन प्रेक्षक असतात, पण त्याच सामन्यावर जगभरातून सट्टा लागतो. पंचाच्या हातातल्या यंत्रावरून गुण थेट बाहेर जातात, कारण आयटीएफने हा डेटा 2010 च्या दशकातच विकायला सुरुवात केली. 156 डॉलर कमावणारा खेळाडू आणि त्याच्यावर लागलेले हजारो, हे गणित कोणाला दिसणार नाही? 2018 मध्ये स्वतंत्र चौकशी समितीने खालच्या स्तरावरच्या या प्रश्नाला त्सुनामीची उपमा दिली होती.

मागणी सामना हरण्याचीच असेल असं समजू नका. 'दुसऱ्या सेटचा तिसरा गेम सोड', 'पहिल्या सर्व्हिसला एक डबल फॉल्ट टाक' एवढंच. सामना तू जिंक की, असंही वर म्हणतात. निरोप बऱ्याचदा ओळखीच्या खेळाडूमार्फत येतो, आणि ते नाही म्हणायला जास्त जड जातं. नियम असा: नाही म्हणून भागत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस इंटेग्रिटी एजन्सीला, आयटीआयएला, कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. त्यांनी तपासाला फोन मागितला आणि दिला नाहीत तर तोही गुन्हा. कोणत्याही टेनिसवर, दुसऱ्याच्या सामन्यावरसुद्धा, पैसे लावायचे नाहीत. आणि 'माझा गुडघा दुखतोय, उद्या कठीण आहे' हे जेवणाच्या टेबलावर अनोळखी माणसाला सांगायचं नाही. ती आतली माहिती धरली जाते. शिक्षा आजीवन बंदीपर्यंत जाते.

सट्टा हरलेले लोक शिव्याही घालतात, आईवरून, मरणावरून. पहिल्यांदा वाचताना हात थरथरतात. सामन्याच्या दिवशी अनोळखी संदेश बंद ठेवा, स्क्रीनशॉट काढून सुपरवायझरला द्या. उत्तर कधीच देऊ नका.

पैशाच्या बाजूच्या वाटा

दुहेरी खेळा. एम15 चं दुहेरीचं विजेतेपद दोघांना मिळून 930 डॉलर देतं, म्हणजे फार नाही, पण एकेरीत लवकर हरलेल्या आठवड्यात सामन्यांचा सराव तोच. जर्मनीतली उन्हाळी क्लब लीग हा खालच्या क्रमांकाच्या खेळाडूंचा खरा पगार आहे; बक्षिसापेक्षा तिथले सामन्यागणिक पैसे भरवशाचे. फ्रान्समध्येही क्लब लीग आणि रोख बक्षिसांच्या स्थानिक स्पर्धा भरपूर आहेत.

अठराव्या वर्षी ताकद कमी पडत असेल तर अमेरिकन कॉलेज टेनिसकडे पाठ फिरवू नका. कोच, फिजिओ, प्रवास कॉलेजचा आणि हातात पदवी. पुढे वरच्या स्तरावर नाव कमावलेले जॉन इस्नर, केविन अँडरसन, कॅमेरॉन नॉरी, बेन शेल्टन तिथूनच आले. 'कॉलेजला गेला म्हणजे संपला' असं म्हणणारे कोच अजूनही भेटतात. त्यांना ही यादी दाखवा.

बक्षिसातून त्या त्या देशाचा कर कापला जातो. कापल्याची पावती प्रत्येक वेळी मागून घ्या, नाहीतर तोच कर दुसऱ्यांदा भरायची पाळी येते.

वर कधी चढायचं

एम15 मध्ये चार-पाच वेळा उपांत्य फेरी गाठलीत की तिथे राहू नका. लोक राहतात, कारण तिथे जिंकता येतं. एम25 च्या पहिल्या फेरीत हरायला लागल्यावर पुन्हा खाली येतात आणि तीन वर्षं तशीच जातात. मी तीनास एकचं प्रमाण धरतो: तीन आठवडे आपल्या पातळीवर, एक आठवडा चॅलेंजरच्या पात्रता फेरीत, हरायची तयारी ठेवून.

पुढची मोठी पायरी म्हणजे ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी. अडीचशेच्या आत आलात की तिथे दार उघडू लागतं आणि पैशाचं गणित एकदम बदलतं. 2024 च्या विम्बल्डनमध्ये पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला 15,000 पौंड होते, म्हणजे आपल्या एम15 विजेत्याच्या कितीतरी पट. भारताच्या सुमित नागलने 2023 मध्ये सांगितलं होतं की वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या खात्यात 900 युरो होते. जानेवारी 2024 मध्ये तो ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीतून आत आला आणि त्याने 31 व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. त्या दोन आठवड्यांनी त्याचं वर्ष सुटलं. ब्रिटनचा मार्कस विलिस 2016 मध्ये 772 व्या क्रमांकावर होता, क्लबमध्ये शिकवत होता, आणि विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर रॉजर फेडररशी खेळला. विलिसची गोष्ट मात्र नवख्यांना सांगताना मी हात आखडतो. ती ऐकून 772 व्या क्रमांकाच्या आसपासचे सगळेच आणखी एक वर्ष खेळतात.

सुरुवातीला वहीत आठवड्यांचा आकडा लिहिलात ना, त्याच्या शेजारी एक क्रमांकही लिहा: इतके आठवडे संपतील तेव्हा मी इथे असायला हवा. त्या दिवशी वही उघडताना बरोबर असा माणूस ठेवा ज्याला तुमच्या खेळण्यात पैसा किंवा अभिमान गुंतलेला नाही.

हरल्याची संध्याकाळ

32 जणांच्या ड्रॉमध्ये 31 जण त्या आठवड्यात हरतात, त्यामुळे ही संध्याकाळ येणारच आणि तिचाही क्रम ठरवून ठेवा. आधी स्ट्रेचिंग आणि जेवण. सामन्याबद्दल फोनवर कोणाशीही दोन तास बोलायचं नाही. मग बेसिनमध्ये कपडे धुऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत घाला. सुपरवायझरकडून बक्षिसाचे पैसे आणि कराची पावती घ्या, दुसऱ्या दिवशीचं सरावाचं कोर्ट लिहून ठेवा. मग वही काढून तीन ओळी: काय चाललं, काय नाही, समोरच्याची सर्व्हिस दडपणात कुठे जाते. तो पुढच्या महिन्यात पुन्हा समोर येणार आहे. शेवटी लॅपटॉप उघडा. बहुतेक मंगळवारच असतो. गुरुवारची मुदत दोन दिवसांवर आहे.